उर्वशीवाली सुंदरबाई

दिघोरीच्या सुंदरबाईनं तोंडातून काढलेला शब्द कधी वापस घेतला नाही. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं धान रोवण्याच्या दिवसात तिच्या मागं मागं चालून पाहावं. तिच्या धानाच्या बांध्या तळ्याच्या खालच्या अंगाला, भैय्यालालच्या बांध्यांना लागून. सरळ त्याच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, गेलं तर ओठातली बिडी संपायच्या आत माणूस पोचतो. पण एका सालात पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं आणि सुंदरबाई बोलून गेली, "तुह्या धुऱ्यावर पाय ठेवला त बापाची पोट्टी नाही." तेव्हापासून ती डोक्यावर पऱ्ह्यांचा, धानाच्या रोपांचा, भारा घेऊन, सगळ्या तळ्याला वळसा घालून, घोट्याएवढा चिखल तुडवत स्वतःच्या शेतात जाते. भैय्यालालनं एकदा हात जोडले.

"जाय ना वो वयनी. झालं गेलं."

"तू मेल्यावर जाईन," ती म्हणाली.

भैय्यालाल धडधाकट आहे. सुंदरबाई वळसाच घालते.

तिचा नवरा लक्ष्मणराव कमी बोलणारा माणूस. घरात बोलायला जागाच उरत नाही म्हणून असेल. तो म्हणतो, "तिची जीभ म्हनजे इळा हाय. धान हाय तवर धान कापते. धान सरलं का बोटं." हे तो बायकोच्या समोर म्हणतो, पण ती चुलीवर काही फोडणी देत असताना, आवाजात आवाज मिसळेल अशा बेतानं.

अशा बाईच्या हातात जावयानं फोन दिला. जावई कैलाश, मोहाडीकडचा. लेक शुभांगी लगीन होऊन तिकडे गेली तेव्हा आई रडून रडून आजारी पडेल या भीतीनं त्यानं मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. "मामी, रोज पोरीचं तोंड पाहा." सुंदरबाईनं पोरीचं तोंड पाहिलं. मग पोरीनंच तिला नाटकांचे तुकडे पाहायला शिकवलं, आणि त्या दिवसापासून पोरीचं तोंड मागं पडलं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान खळ्यावर आलं, की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागतात. दिवसा बाजार आणि पाहुणे, चुलीवर बकरं, आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटककंपन्या येतात, मंडप ठोकतात, आणि शेकोटीला पाठ देऊन माणसं दिवस उगवेपर्यंत बसतात. आता ही नाटकं फोनातही येतात, आणि नाटकांच्या मागं त्यांचे भांडणारेही. सध्या भांडण दोन नट्यांचं आहे. एक पळसरंग कंपनीची उर्वशी. ही रडते. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली, पोर कडेवर, तोंडातून शब्द नाही, पदर दातात धरून नुसती उभी, आणि मंडपातल्या बाया नाक शिंकरून राहिल्या. दुसरी चांदणवेल कंपनीची टीना. ही मोटारसायकल घेऊन स्टेजवर येते, पाटलाच्या कानाखाली वाजवते आणि मग नाचते.

साकोलीत चंद्रकुमार नावाच्या मोबाईलवाल्यानं 'नाटकवेडे झाडीवाले' म्हणून ग्रुप काढलेला. तिथं या दोघींवरून जे चालतं ते कोंबड्यांच्या झुंजीतही चालत नाही. टीनावाले म्हणत, उर्वशी म्हणजे हापशी, हापसली की पाणी. उर्वशीवाले म्हणत, टीना म्हणजे धान चुरायची मशीन, आवाज मोठा आणि भुसाच जास्त. एकमेकांच्या आईबहिणीपर्यंत जाणं हा तर रोजचा नाश्ता. दोन्ही पार्ट्यांना एकमेकांचं गाव, आडनाव, कोणाचा बाप कुठे पडून मेला हे सगळं ठाऊक.

सुंदरबाईला लिहिता येत नव्हतं असं नाही, पण बोट जाडं, अक्षर बारीक. ती बटण दाबून बोलायची. तिचा आवाज शेतात घुमलेला, खळ्यावर पाखरं उडवलेला. ग्रुपात तिचं पहिलं बोलणं ऐकून नागपूरच्या एका नोकरीवाल्यानं लिहिलं, "ताई, कृपया शुद्ध मराठीत बोलावे." सुंदरबाईनं बटण दाबलं.

"काहून रे बाबू, तुह्या शुद्ध बोलीत शिवी देली त लागते तरी का? आमच्या बोलीत देतो, लागली का सांग." आणि दिली. नोकरीवाला पुन्हा कधी बोलला नाही. त्या दिवसापासून ती उर्वशीवाली सुंदरबाई झाली. लोक सकाळी चहासोबत तिचं बोलणं ऐकत. चंद्रकुमार तर फोन करून चिथवायचा, "काकू, आज टीनावाले लय उडून राहिले, द्या एक डोस."

आणि टीनावाल्यांच्या बाजूनं सगळ्यात पुढं कोण? रुखमा. कैलाशची आई. शुभांगीची सासू. सुंदरबाईची सख्खी इहीन.

रुखमा बोलायची नाही, लिहायची. दोन ओळी, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्या चेहऱ्यांनी सुंदरबाईच्या अंगाची आग व्हायची. "दात दाखवते नुसते," ती लक्ष्मणरावला म्हणायची. "तोंड नाही त दात."

आता इहीन इहिनीशी कशी बोलते हे सांगायला नको. पोरीची आई खाली पाहते. लेक दिली म्हणजे मान दिली. समोरासमोर असताना सुंदरबाई 'हाव इहीनबाई, बरोबर हाय इहीनबाई' याच्या पलीकडे गेली नव्हती. पण ग्रुपात कोणाची लेक कोणाच्या घरी भात शिजवते हे कुठे लिहिलेलं नसतं. तिथं मान वर करून बोलता येत होतं, आणि सुंदरबाईला त्याची चटक लागली. रुखमालाही लागली असणार. घरी पोरीचा फोन आला की दोघी एकमेकींचं 'बरी हाय का वो तब्येत' विचारत आणि फोन ठेवला की ग्रुपात एकमेकींच्या नट्यांच्या झिंज्या उपटत.

एक गोष्ट मात्र आधीपासून बाकी होती. आमच्याकडे लग्नात इहिनीची पंगत बसते तेव्हा पोरीकडच्या बाया गाणं म्हणतात. गाण्यात इहिनीला काय काय बोलतात ते पुस्तकात छापता येत नाही. इहिनीनं रागवायचं नाही, ताटावरून उठायचं नाही. येत असेल तर गाण्यानंच उत्तर द्यायचं. शुभांगीच्या लग्नात सुंदरबाईनं असं गायलं की मांडवातल्या म्हाताऱ्या पोट धरून लोळल्या. रुखमा पदरात तोंड घालून हसली आणि म्हणाली, "माहं उत्तर बाकी हाय हो." मग दोघी एका ताटातून जेवल्या. गाणं तिथंच उष्ट्या पत्रावळींसोबत उकिरड्यावर गेलं.

यंदाच्या पोळ्यानंतर ग्रुपात उर्वशीच्या वयावरून जुंपली होती. रुखमानं लिहिलं, "आमच्या सूनबाईलाही आता टीनाच आवडते. माहेरी रडकं पाहून पाहून कंटाळली होती बिचारी." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

सुंदरबाई निंदण करून आली होती. हातपाय धुतले नाहीत. चुलीसमोर बसली, बटण दाबलं आणि गायली.

टीना रडे, टीना रडे, डोळ्यात नाही पानी,
इहीन माही टाळ्या पिटे, आंधळ्या घरची रानी.
टीना नाचे, टीना नाचे, हालते सारी माडी,
इहीन माही घरी नाचे, सुटली तरी साडी.

तिच्या लेखी हे इहिनीचं गाणं होतं. रुखमा हसेल, येत असेल तर उत्तर देईल, बात खतम. पण मांडवात गाणं झालं की पंगत उठते, हात धुतले जातात, ज्या इहिनीला बोललं तिच्याच हातावर सुपारी ठेवली जाते. फोनातलं उष्टं कोणी उचलत नाही. ते पडून राहतं आणि येणारा जाणारा त्याच्यात हात घालतो.

पहिला हात चंद्रकुमारनं घातला. कैलाशच्या हळदीत रुखमा पोराच्या कौतुकानं नाचली होती, त्याचा तुकडा कोणाच्या तरी फोनात होता. तो त्यानं मिळवला, वर सुंदरबाईचा आवाज चिकटवला आणि सोडून दिला. दसऱ्याच्या आत तो भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत फिरला. हॉटेलात वाजला, काळीपिवळीत वाजला.

मोहाडीच्या बाजारात रुखमा वांगी घेत होती. शेजारच्या मिरचीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, फोनाकडे पाहिलं आणि आवाज वाढवून लावलं. बाजार हसला. रुखमा वांगी तिथंच टाकून घरी आली आणि शुभांगीकडून सुंदरबाईला फोन लावून घेतला. स्वतः बोलली नाही. शुभांगीच बोलली, सासू बाजूला उभी असताना बोलतात तशा आवाजात.

"आई, मी मंडईले येनार नाही."

"काहून वो?"

"सासूबाई म्हनतात, त्या घरच्या उंबऱ्यावर माही सून पाय ठेवनार नाही."

लग्नानंतरची पहिली मंडई. पहिल्या मंडईला लेक माहेरी येते, सासरचे पाहुणे म्हणून येतात, लेक आठ-दहा दिवस राहते. ज्या घरी लेक येत नाही त्या घराकडे गाव वळून वळून पाहतं. पण गावाचं सोडा. सुंदरबाईनं लेकीसाठी कोंबडा राखून ठेवला होता, नव्या तांदळासाठी एक बांधी नेमून ठेवली होती, लेकीच्या निजायच्या जागी ओसरी सारवली होती. फोन ठेवला आणि ती त्या सारवलेल्या जागेवर जाऊन बसली. लक्ष्मणरावनं जेवायला वाढ म्हटलं तर म्हणाली, "वाढून घ्या, हात हायेत तुमाले."

मंडईचं बोलावणं घरी जाऊन द्यावं लागतं. दसरा झाल्यावर ती एकटीच निघाली. साकोलीत बस बदलली, भंडाऱ्यात बदलली, मोहाडीहून पुढं चालत गेली. रुखमा ओसरीवर तांदूळ निवडत होती. सुंदरबाई पाया पडायला वाकली. रुखमानं पाय सुपाखाली ओढून घेतले.

"राहू द्या. पाया पडनारीचं गानं ऐकलं आमी."

"मंडईचं बोलावनं घेऊन आली, इहीनबाई. पोरीची पयली मंडई हाय."

"कोनती पोरगी? माह्या घरी त सून हाय."

"इहिनीचं गानं होतं थे. लग्नात म्हनलं तवा तुमी हासल्या."

रुखमानं तांदळातला खडा उचलला, अंगणात फेकला. "लग्नात माह्या पुढे जेवनाचं ताट होतं. बाजारात माह्या हातात वांग्याची थैली होती. माह्या भाच्याच्या वयाचा पोट्टा मले इचारते, मावशी, साडी नीट हाय ना? गावात हापशीवर जातो त पोट्टे गुनगुनतात. माहा नवरा चार मानसात बसत नाही आता. हासू मी?"

सुंदरबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऐकलं पहिल्यांदा.

"रील मी नाही बनवली. चंद्रकुमारनं बनवली."

"आवाज कोनाचा?"

रुखमानं सूप बाजूला ठेवलं.

"ज्या तोंडानं गायलं त्या तोंडानं बोलाचं. त्याच ग्रुपात. आपलं नाव घेऊन, माहं नाव घेऊन. शब्द वापस घेतला म्हनाचं. मंग सून मंडईले येईल."

"आन नाही त?"

"नाही त मंडई नाही, संक्रात नाही, आन पोराबारांचं होईल तवा बी अठीच होईल. माह्या दारात मोठा आंगन हाय."

शुभांगी पाण्याचा लोटा घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर लोट्यावर. सुंदरबाईच्या हातात लोटा देताना म्हणाली, हळू, पण सासूला ऐकू जाईल असं, "तू गाऊन मोकळी झाली आई. मी अठी वाढाले गेली त सासरा तोंड फिरवते. तुले उर्वशी पाहिजे का मी?"

"हे काय इचारनं झालं वो?"

"इचारतो. सांग."

सुंदरबाई लोटाभर पाणी पिऊन गेली. घोट घोट, थांबत थांबत. शुभांगीनं रिकामा लोटा घेतला आणि आत गेली, आणि पुन्हा बाहेर आली नाही. कैलाश शेतात गेला आहे असं सांगितलं होतं. तो गोठ्यामागं उभा होता, त्याचे पाय दिसत होते.

घरी आल्यावर लक्ष्मणरावनं तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "मांगून टाक माफी."

"तुमी मांगा."

"माहा आवाज कोन वळखते? या घरातच कोन वळखत नाही."

बात बाहेर फुटलीच. चंद्रकुमारचा फोन आला.

"काकू, माफीगिफी काही मांगू नोका. आपल्या पार्टीचं नाक कापल्या जाईन."

"पार्टीतला कोनी माही पोरगी आनून देते का?"

"इज्जतीचा सवाल हाय काकू. उर्वशीच्या इज्जतीचा."

"उर्वशी माह्या घरी कोंबडा खाले येऊन राहिली का? मुडद्या, इज्जत माही, इहीन माही, आन रील तुही. तू थे काढ आधी."

"आता थे माह्या हातात नाही काकू. लोकाईनं उचललं."

"हातात होतं तवा हात कुठी घातले होते?"

फोन आपटला. पण माफी मागितली नाही. दिवाळी आली. भावबीजेला इतर घरच्या लेकी आल्या, गल्लीत जावयांच्या मोटारसायकली उभ्या राहिल्या. शेजारची शकुनबाई दारातून विचारून गेली, "शुभांगी कवा येऊन राहिली वो?" सुंदरबाई म्हणाली, "तू तुह्या पोट्टीचं पाय." मंडपाचे बांबू पडले. कंपनी ठरली होती, पळसरंग. उर्वशी स्वतः येणार होती. एरवी सुंदरबाई नाचली असती. मंडप ठोकणाऱ्यांनी "काकू, तुमची हिरोईन येऊन राहिली" म्हटलं तर तिनं वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धान बांधायला म्हणून ती तळ्याच्या पाळीनं निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. तिथून भैय्यालालचा धुरा समोर दिसतो, सरळ, कोरडा. ती पाळीवर बसली. फोन काढला. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"मी सुंदरबाई, दिघोरीची. माह्या इहिनीले, रुखमाबाईले, मी गान्यात जे बोलली थे चुकली. थे शब्द मी वापस घेतो." बोट बटणावरून उचललं नाही. मग: "टीनाबद्दल बोलली थे नाही घेत वापस. तिले रडता येत नाही. बस."

ग्रुप पेटला. टीनावाल्यांनी फटाके पाठवले. पण टीनावाल्यांचं काय, ते शत्रूच. लागलं ते आपल्या लोकांचं. ज्यांनी सकाळी चहासोबत तिचा आवाज घेतला होता, तेच आता तिला पलटीबाई म्हणू लागले. कोणी लिहिलं, पोरगी देऊन जीभही देली वाटते. कोणी तिच्याच आवाजावर हापशीचं चित्र चिकटवलं आणि दांडा खालीवर हलवला. चंद्रकुमारनं तिला ग्रुपातून काढून टाकलं, आणि काढलं हे सगळ्यांना दिसेल असं काढलं. आता गावातले पोट्टे तिला पाहून गुणगुणत. रुखमाच्या गावात जे चालत होतं ते दिघोरीत आलं.

भैय्यालालनं धुऱ्यावरून हाक दिली, "वयनी, आता त इकडून येजा. शब्द वापस घेनं सुरू झालं म्हनते!"

"एकाचाच घेतला," ती ओरडली आणि वळसा घालून गेली.

मंडईच्या दिवशी रुखमा आली. सोबत कैलाश, मागं शुभांगी. रुखमा कडक इस्त्रीच्या साडीत, पिना लावून लावून पक्की केलेल्या. उंबऱ्यावर सुंदरबाईनं तिचे पाय धुवायला लोटा घेतला. रुखमानं पाय पुढं केले आणि वरून म्हणाली, "सून येईल म्हनलं होतं. राहील म्हनलं नव्हतं. जेवन झालं का संध्याकारच्या गाडीनं वापस."

"नाटक?"

"रडाचं नाटक कोन पायते?"

सुंदरबाईचा हात लोट्यावर थांबला. शुभांगी आईकडे पाहत होती. लोट्यातलं पाणी सरलं तसे सुंदरबाईनं इहिनीचे पाय पदरानं पुसले. आत जाऊन लक्ष्मणरावला म्हणाली, "कोंबडा पन कापा."

पंगत बसली. ओसरीवर बाया, अंगणात माणसं. शेजारच्या बाया मदतीला आणि तमाशाला. रुखमाच्या शेजारी शुभांगी. सुंदरबाई रश्श्याची बादली घेऊन वाढत आली, रुखमाच्या ताटाशी वाकली, आणि रुखमाच्या पिशवीतला फोन वाजला.

"मी सुंदरबाई, दिघोरीची. माह्या इहिनीले, रुखमाबाईले, मी गान्यात जे बोलली थे चुकली. थे शब्द मी वापस घेतो. मी सुंदरबाई, दिघोरीची…"

रिंगटोन. टीनाचं वाक्य कापलेलं, बाकी अख्खं. रुखमानं फोन पिशवीतून काढला, ताटाजवळ ठेवला आणि वाजू दिला. घास घेतला. फोन वाजत होता. पंगतीतले हात थांबले. बाहेर अंगणात कोणीतरी फिसकन हसलं. कैलाशनं मान ताटात घातली.

फोन थांबला तेव्हा सुंदरबाई बादली घेऊन तशीच वाकलेली होती. मग ती सरळ झाली. पळी बादलीच्या काठावर एकदा आपटली, ठण्ण. आमच्याकडच्या बायांना तो आवाज कळतो. शकुनबाईच्या तोंडून "अग्ग मायबाई" निघालं आणि तिनं पटकन आपला फोन वर धरला.

"थे ठेव खाली." हे रुखमा म्हणाली. सुंदरबाई नाही, रुखमा. "ठेव म्हनलं ना! नाही त रस्सा टाकीन तुह्या फोनावर." शकुनबाईनं फोन कमरेला खोचला. रुखमानं पंगतीवरून नजर फिरवली, कोणाच्या हातात फोन नाही हे पाहिलं, स्वतःचा पालथा घातला आणि सुंदरबाईकडे पाहिलं. "हं. म्हना आता."

"आई, नोको," शुभांगी म्हणाली.

सुंदरबाई गायली. उभी राहून, पळीनं ठेका धरून. लग्नातलं गाणं त्यापुढे आरती वाटावं असं. साडीचं होतं, पिनांचं होतं, मोहाडीच्या वांग्यांचं होतं, आणि वांग्यांवरून पुढं गेलं ते रुखमाच्या नवऱ्यापर्यंत गेलं. ओळी इथं लिहीत नाही. त्या त्या ओसरीवरच्या. बाहेर माणसांनी खाकरून खाकरून घसे सोलून घेतले. शुभांगीचा चेहरा पांढरा पडला. सासू आता ताट ढकलते, उठते, आणि आपल्याला हाताला धरून बसस्टॉपवर नेते, असं तिला दिसत होतं.

रुखमा उठली नाही. हाड चोखून बाजूला ठेवलं. रश्श्याची बोटं ताटाच्या काठाला पुसली आणि तशीच बसल्या बसल्या तोंड उघडलं. आवाज चिरका होता. लिहिणाऱ्या बाईला गाता येतं हे कोणाला माहीत नव्हतं. तिचं गाणं लांब होतं, त्यातलं एवढंच सांगतो, कारण हे सुंदरबाई स्वतःच सांगते:

तरा हिंडे, चिखल तुडवे, शब्दाची मोठी रानी,
लेकीसाठी थुकी गिळे, वरून प्याली पानी.

तरा म्हणजे तळं. तळ्याच्या वळशाची गोष्ट मोहाडीकडे कोणी पोचवली? सुंदरबाईनं शुभांगीकडे पाहिलं. शुभांगी ताटात पाहत होती. आणि रानीला पानी हा जोड सुंदरबाईचाच. त्याच इळ्यानं तिलाच कापलं होतं. बायांनी ओसरी डोक्यावर घेतली. अंगणातून लक्ष्मणरावचा आवाज आला, घरात कोणी कधी ऐकला नसेल एवढा मोठा: "वा इहीनबाई!"

सुंदरबाईनं नवऱ्याच्या दिशेनं एक नजर टाकली. ती नजर त्याला पुढं महिनाभर पुरली. मग बादलीत पळी तळापर्यंत घातली, चांगला मांसल तुकडा शोधला आणि रुखमाच्या ताटात टाकला.

"आवाज फाटका हाय तुमचा," ती म्हणाली.

"मीठ कमी हाय तुमच्या रश्श्यात," रुखमा म्हणाली आणि तुकडा खाल्ला.

हात धुताना, सुंदरबाई लोट्यानं पाणी ओतत असताना, रुखमा तिच्याकडे न पाहता बोलली. "नाटक पाहून जाईन. उर्वशी कोठवर रडते थे त पाहू. सून राहू द्या इकडे. कैलाश येईल घ्याले."

"कवा?"

"येईल तवा येईल. कोंबडे संपले का तुमचे?"

त्या रात्री उर्वशी जेव्हा जेव्हा रडली तेव्हा तेव्हा पहिल्या रांगेत रुखमानं तोंड फाडून जांभई दिली, स्टेजपर्यंत ऐकू जाईल अशी. पलीकडे सुंदरबाई हुंदके देत होती, तेही स्टेजपर्यंत ऐकू जातील असे. मध्ये शुभांगी चादर डोक्यावरून घेऊन झोपून गेली.

दिवस उगवल्यावर बसस्टॉपवर रुखमा आणि कैलाश गाडीची वाट पाहत उभे. सुंदरबाई पोचवायला आली होती, हातात नव्या तांदळाची पिशवी. रुखमानं पिशवी घेतली, वजन पाहिलं. गाडी आली. रुखमा खिडकीशी बसली आणि तिचा फोन वाजला.

"मी सुंदरबाई, दिघोरीची. माह्या इहिनीले…"

गाडीतल्या सगळ्या माना वळल्या. कंडक्टरनं खाली उभ्या सुंदरबाईकडे पाहिलं. आवाज ओळखला असणार.

"उचला ना वो इहीनबाई," सुंदरबाई खिडकीखाली येऊन म्हणाली. "माही माफी किती येळ बोंबलू देता?"

"वाजू द्या. गोड वाटते."

"गोड वाटते त पुरी लावा! टीनाचं काहून कापलं?"

गाडी हलली. सुंदरबाई दोन पावलं सोबत चालली, मग चार. "टीनाले रडता येत नाही थे बी लावा! काहून कापलं? सांगा लोकाईले!"

रुखमानं खिडकीची काच ओढून घेतली. काचेतून तिचे दात दिसत होते.